निर्णय आणि निर्णय करणारा

(धर्मग्रामाच्या हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील शेवटचें भाषण)



महोत्सव-समितीनें मला विषय नेमून दिला होता तो आपल्या धर्मग्रामाच्या साठ वर्षांच्या इतिहासाचा. परंतु त्या इतिहासाविषयीं माझ्याहून अधिक जाणणारी वडीलधारी मंडळी या मंडपांत पहिल्याच रांगेंत बसलेली आहेत. त्यांच्यासमोर त्यांचीच हकीकत मीं सांगावी हें मला प्रशस्त वाटेना, म्हणून समितीची परवानगी घेऊन मीं दुसरा विषय निवडला.

पुढील रविवारीं आपणां सर्वांस एक निर्णय करावयाचा आहे. देवळामागची जुनी शाळा, तिच्या दगडी भिंती व कौलारू छप्पर, दुरुस्त करून राखावी, कीं ती उतरवून त्या जागीं सभागृह बांधावें? गेले सहा महिने आपल्याकडे दुसरें बोलणें नाहीं. दोन पक्ष पडले आहेत. एका घरांतील दोन सख्खे भाऊ या कारणावरून एकमेकांशीं बोलत नाहींत हेंही माझ्या कानीं आलें आहे. शाळा राखावी कीं उतरवावी यासंबंधीं माझें मत मी आज आपणांपुढें मांडणार नाहीं. निर्णय करावयास बसलेल्या मनुष्याच्या मनांत काय चालतें, एवढ्याचाच विचार आज आपण करूं.

प्रथम एक जुनी कथा घेऊं. दावीद राजानें उरीयाची पत्नी आपलीशी केली आणि उरीयास लढाईच्या ऐन तोंडीं उभें करवून मारविलें. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांतील ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे; परंतु तिच्यांतील एका गोष्टीकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. नाथान संदेष्टा राजापुढें आला तोंपर्यंत बराच काळ लोटला होता. मूलही जन्मास आलें होतें. इतके महिने दावीद स्वस्थ होता. नाथानानें आल्याबरोबर त्याला दोष दिला नाहीं. घरीं मेंढरांचे कळप असलेल्या एका श्रीमंतानें गरिबाची एकुलती एक कोंकरी पाहुण्यासाठीं कापली, एवढी हकीकत त्यानें सांगितली. दावीद संतापला आणि त्या क्षणीं त्यानें बिनचूक न्याय दिला. त्याची न्यायबुद्धि अगदीं शाबूत होती. दुसऱ्याच्या प्रकरणावर ती लखलखीत चाले. स्वतःच्या प्रकरणापाशीं आली कीं ती मिटून जाई.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही आपली म्हण हेंच सांगते. गंमत अशी कीं, ही म्हण प्रत्येकजण शेजाऱ्यास उद्देशून वापरतो. राग, लोभ, मत्सर यांची कबुली देणारीं माणसें जगांत पुष्कळ आहेत. माझी दृष्टि एकीकडे झुकलेली आहे, असें आपण होऊन सांगणारा मनुष्य मात्र मला अद्याप भेटावयाचा आहे. कावीळ झालेल्यास सर्व पिवळें दिसतें असें म्हणतात, पण आपले डोळे पिवळे झाले आहेत हें त्याला दुसऱ्यानेंच सांगावें लागतें.

आतां माझीच गोष्ट सांगतों. ती सांगतांना मला आजही लाज वाटते. सुमारें वीस वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. तेथें देवळाची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध गृहस्थ होते. घंटा, मेणबत्त्या, वेदीचीं वस्त्रें, सर्व त्यांच्याकडे. आम्ही त्यांना काका म्हणत असूं. एका पावसाळ्यांत गोरगरिबांसाठीं ठेवलेल्या दानपेटींतील रक्कम एकाएकीं कमी भरूं लागली. पेटीची एक किल्ली माझ्यापाशीं होती आणि दुसरी काकांपाशीं. मीं कोणाला कांहीं विचारलें नाहीं. मनांत मात्र खूणगांठ बांधली. त्या दिवसापासून काका जें जें करीत तें तें मला पुरावा दिसूं लागलें. ते गप्प असले म्हणजे मला वाटे, यांचें मन यांना खात आहे. ते मोकळेपणानें बोलले म्हणजे वाटे, पांघरूण घालीत आहेत. त्यांनीं नवी सायकल आणली तेव्हां तर माझी खात्रीच झाली. (ती त्यांच्या जांवयानें दिलेली होती, हें मला मागाहून कळलें.) शेवटीं, "काका, आतां तुमचें वय झालें, विश्रांति घ्या," असे गोड शब्द बोलून मीं किल्ली मागून घेतली. त्यांनीं ती मुकाट्यानें दिली. त्या मुकाटपणाचाही अर्थ मीं माझ्याच बाजूनें लावला.

पुढें वाळवीचें औषध मारावयाचें म्हणून सुतारानें ती पेटी जागेवरून हलविली. तिच्या तळाची फळी एका कडेला पावसाच्या ओलीनें फुगून निसटली होती, आणि नाणीं व घड्या घातलेल्या नोटा त्या फटींतून खालच्या लांकडी चौथऱ्याच्या पोकळींत पडत होत्या. सर्व पैसे तेथें होते. कांहीं नोटा वाळवीनें खाल्लेल्या.

मी त्याच संध्याकाळीं काकांच्या घरीं गेलों. त्यांनीं मला बसविलें, चहा दिला. मीं घडलेलें सर्व सांगून क्षमा मागितली. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग एवढेंच म्हणाले, "फादर, एकदां विचारायचं तरी होतं." किल्ली त्यांनीं परत घेतली नाहीं.

एकदां विचारणें हें पांच मिनिटांचें काम होतें. तें मीं कां केलें नाहीं, याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. विचारलें असतें तर माझें मत खोटें ठरण्याचा संभव होता; आणि मत एकदां मनांत घर करून बसलें म्हणजे मनुष्य त्याला धक्का लागेल अशा वाटेनें जात नाहीं. माझ्या हातून चोरीचा तपास झालाच नव्हता. मी फक्त माझ्या मताला साक्षीदार गोळा करीत होतों.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानें याच प्रवृत्तीवर एक साधा प्रयोग केला व त्याचा वृत्तान्त १९६० सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें लोकांना २, ४, ६ असे तीन आंकडे दिले आणि सांगितलें, हे आंकडे माझ्या मनांतील एका नियमाप्रमाणें आहेत. तुम्ही तुमचे तीन-तीन आंकडे सांगा. ते नियमांत बसतात कीं नाहीं तें मी सांगेन. खात्री झाली म्हणजे नियम ओळखा. बहुतेकांच्या मनांत लगेच आलें कीं दोन-दोननें वाढणारे आंकडे, हाच तो नियम. मग त्यांनीं ८, १०, १२ असें विचारावें, उत्तर होकारार्थी यावें. २०, २२, २४ विचारावें, पुन्हां होकार यावा. अशा चार होकारांनंतर ते खात्रीनें नियम सांगत, आणि तो चुकत असे. खरा नियम एवढाच होता कीं आंकडे चढत्या क्रमानें असावे. जो १, ७, ५० असे आपल्या तर्काशीं न जुळणारे आंकडे मुद्दाम विचारून पाहील त्याचेच डोळे उघडतील. मी काकांच्या बाबतींत २०, २२, २४ करीत बसलों होतों.

आणखी एक प्रयोग सांगतों, कारण तो आपल्या शाळेच्या छपराशीं अगदीं जवळून संबंध ठेवतो. एमॉस ट्वर्स्की व डॅनिएल काहनेमान या दोघां इस्राएली पंडितांनीं १९८१ सालीं तो प्रसिद्ध केला. (ट्वर्स्की १९९६ सालीं वारले, काहनेमान यांना २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें व २०२४ सालीं त्यांचें निधन झालें.) समजा, एका सांथीनें ६०० माणसें मरतील असा अंदाज आहे आणि उपाय दोन आहेत. पहिल्यानें २०० माणसें नक्की वांचतील. दुसऱ्यानें सर्वच्या सर्व वांचण्याचा संभव तीनांत एक, आणि कोणीच न वांचण्याचा तीनांत दोन. असें विचारल्यावर शेंकडा ७२ लोकांनीं पहिला उपाय निवडला. मग दुसऱ्या गटाला तेंच वेगळ्या शब्दांत विचारलें: पहिल्या उपायानें ४०० माणसें नक्की मरतील, दुसऱ्यानें कोणीच न मरण्याचा संभव तीनांत एक, आणि सर्व मरण्याचा तीनांत दोन. आतां पहिला उपाय निवडणारे शेंकडा २२ च उरले. बंधूंनो, ६०० पैकीं २०० वांचणें आणि ४०० मरणें या दोन गोष्टी नाहींत. शब्द बदलले, त्यासरशीं माणसें बदललीं.

इंजिनियरांनीं दिलेल्या अहवालांत आपल्या शाळेच्या छपराचे तिसरा हिस्सा वासे कुजले आहेत असें म्हटलें आहे. गेल्या महिन्यांत एक गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाले, "फादर, तिसरा हिस्सा वासे कुजलेले! मुलांच्या डोक्यावर पडतील." दुसऱ्याच दिवशीं दुसरे गृहस्थ आले, ते म्हणाले, "फादर, तीनांपैकीं दोन वासे अजून लोखंडासारखे आहेत." दोघांनींही तोच कागद वाचला होता. दोघेही खरें बोलत होते.

महोत्सवाच्या गर्दींत आणखी एक चूक सहज होण्यासारखी आहे. फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञानें १६२० सालच्या आपल्या ग्रंथांत एक प्राचीन गोष्ट दिली आहे. (तो आपल्या संप्रदायाचा नव्हता, परंतु सत्य कोणाच्याही ओटीवर सांपडलें तरी उचलून घ्यावें.) एका मनुष्याला देवळांत नेऊन भिंतीवर टांगलेलीं चित्रें दाखविलीं. नवस केल्यामुळें जहाज फुटूनही जे वांचले, त्यांचीं तीं चित्रें. "आतां तरी देवांचें सामर्थ्य मानतोस ना?" असें त्याला विचारलें. त्यानें उलट विचारलें, "नवस करून जे बुडाले त्यांचीं चित्रें कोठें आहेत?" दरवर्षीं सप्टेंबरांत वांद्र्याच्या डोंगरावर मरियामातेच्या सणाला मेणाचे हात, पाय, घरें घेऊन जाणारी आपलीं माणसें पाहतांना मला ही गोष्ट आठवते. त्यांच्या श्रद्धेला मी यत्किंचितही उणेपणा आणीत नाहीं. मीही तेथें मेणबत्ती लावलेली आहे. म्हणणें एवढेंच कीं, जे आले त्यांच्यावरूनच हिशेब करूं नये. या महोत्सवांत शाळेचे जे माजी विद्यार्थी व्यासपीठावर येऊन गहिंवरले ते शिकून पुढें गेलेले, आखातांत व मुंबईंत स्थिरावलेले विद्यार्थी होते. चौथींतून जे शाळा सोडून गेले त्यांना आपण निमंत्रण तरी दिलें होतें काय? आणि दुसऱ्या पक्षानेंही पाहावें. सभागृह झाल्यापासून आमचें कसें भलें झालें हें सांगावयास आजूबाजूचे लोक येतात. बांधून रिकामें पडलेल्या सभागृहाचा मालक गांवोगांव सांगत फिरत नाहीं.

मग करावें काय? मन निर्मळ ठेवलें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. मला तेवढ्यानें भागेल असें वाटत नाहीं. काकांवर संशय घेतला तेव्हां माझें मन निर्मळ आहे अशीच माझी समजूत होती. मी गोरगरिबांच्या पैशाची राखण करीत होतों! झुकलेल्या तराजूला सदिच्छेनें तोल येत नाहीं. त्याला बाहेरून वजन घालावें लागतें.

येथें संत इग्नासी लोयोला यांचें स्मरण होतें. सेमिनरींत आम्हांला त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' करावयास लावीत, तेव्हां त्यांतील निर्णयविषयक नियम मला फार रुक्ष वाटले होते. आज तेच मला सर्वांत उपयोगाचे वाटतात. हा मनुष्य मूळचा शिपाई. १५२१ सालीं पांप्लोना येथें तोफेच्या गोळ्यानें त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचें मन पालटलें. परंतु मन पालटलें म्हणून निर्णय करण्याची कला लगेच आली नाहीं, हें ध्यानांत घ्या. १५२२ सालीं मोन्सेराटच्या वाटेवर एका मुसलमान प्रवाशाशीं त्याचा मरियामातेच्या कौमार्याविषयीं वाद झाला. तो प्रवासी पुढें निघून गेला. त्याला गांठून खंजिरानें मारावें कीं सोडून द्यावें, हें इग्नासीला ठरवितां येईना. तेव्हां त्यानें आपल्या खेचराचे लगाम ढिले सोडले: खेचर गांवाच्या रस्त्यानें वळलें तर मारावयाचें, मोठ्या रस्त्यानें गेलें तर सोडावयाचें. खेचर मोठ्या रस्त्यानें गेलें. त्या दिवशीं त्या दोघांत खेचरच अधिक शहाणें ठरलें, असें म्हटल्यास संतमहाराज मला क्षमा करतील. ही हकीकत पुढें त्यांनीं स्वतःच सांगितलेली आहे.

अशा मनुष्यानें पुढें जे नियम घालून दिले, आणि ज्या साधनांस परमगुरुस्वामी तिसरे पॉल यांनीं १५४८ सालीं संमति दिली, त्यांचा भाव असा. निर्णय करणाऱ्यानें प्रथम तराजूच्या कांट्याप्रमाणें मध्यें उभें राहावें. मग ज्याला आपण कधीं पाहिलें नाहीं, जो आपला कोणी लागत नाहीं, पण ज्याचें पूर्ण कल्याण व्हावें अशी आपली इच्छा आहे, असा एक मनुष्य डोळ्यांपुढें आणावा. तो हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आला तर त्याला आपण काय सल्ला देऊं? तोच सल्ला स्वतः पाळावा. तसेंच, मरणाच्या क्षणीं हा निर्णय कसा झालेला असावा असें आपणांस वाटेल, याचा विचार करावा. पाहा, नाथानानें दावीदासाठीं जें केलें तेंच इग्नासी आपणांस आपल्यासाठीं करावयास सांगतात. प्रकरण परक्याचें करावयाचें, म्हणजे मिटलेली न्यायबुद्धि उघडते.

त्याच साधनांत तीन प्रकारच्या माणसांचा एक दाखला आहे. प्रत्येकाला दहा हजार मोहरा मिळाल्या आहेत व त्यांचा लोभ मनाला बोंचत आहे. पहिला, पुढें पाहूं म्हणतो आणि मरेपर्यंत कांहीं करीत नाहीं. तिसरा, ठेवावयाचें कीं द्यावयाचें हें दोन्ही देवावर सोडून खुल्या मनानें विचारतो. मधला मोठा चतुर. त्याला लोभ तर सोडावयाचा असतो, पण मोहरा ठेवून. म्हणजे त्याला जेथें जावयाचें आहे तेथें देवानें यावें. मी इतकीं वर्षें धर्मगुरू आहें, तेव्हां स्पष्टच सांगतों: आपल्यांतील पुष्कळजण प्रार्थना करतात ते या मधल्याप्रमाणें. आधीं ठरवितात, मग गुडघे टेकतात, आणि उठल्यावर म्हणतात, देवानें सुचविलें.

ख्रिस्तसभेला मनुष्याचा हा स्वभाव पूर्वींपासून ठाऊक आहे. एखाद्यास संतपद द्यावयाचें असतां त्याच्या विरुद्ध काय काय म्हणतां येईल तें शोधून मांडण्यासाठीं कित्येक शतकें एक अधिकारी नेमलेला असे. लोक त्याला थट्टेनें सैतानाचा वकील म्हणत. तो नास्तिक नव्हता, द्वेष्टाही नव्हता; विरुद्ध बोलणें हें त्याचें नेमून दिलेलें कर्तव्य होतें. १९८३ सालीं परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनीं ती कार्यपद्धति बदलली आणि विरोध करण्याचें त्याचें काम पुष्कळ कमी झालें. बदलाची कारणें असतील. मला मात्र तो जुना वकील प्रिय आहे. तो असता तर काकांची किल्ली गेली नसती.

दानिएलाच्या पुस्तकांतील सुसान्नेची कथाही येथें कामास येते. तिच्यावर आळ घेणारे दोघे वडील होते, न्यायाधीश होते. एवढ्यावरूनच सर्व सभेनें त्यांचें म्हणणें खरें मानलें व त्या निरपराध स्त्रीस मरणाची शिक्षा झाली. तरुण दानिएलानें काय केलें? त्या दोघांना एकमेकांपासून दूर नेऊन वेगवेगळें विचारलें कीं, हें कोणत्या झाडाखालीं घडलें? एकानें एक झाड सांगितलें, दुसऱ्यानें दुसरें. एकत्र उभे असते तर दोघांचें झाड एकच झालें असतें. आपल्या सभांतही हेंच होतें. पहिल्यानें वजनदार आवाजांत मत दिलें कीं मागल्यांचीं मतें त्याच्या मागोमाग चालूं लागतात. आणि तो पहिला फादर असला तर मग विचारावयासच नको.

म्हणून आतां माझ्या स्वतःच्या झुकावाविषयीं सांगतों. मी अशाच कौलारू शाळेंत शिकलों. पावसांत त्या कौलांवर होणारा आवाज मला अजून आठवतो. तेव्हां जुनी शाळा पाहिली कीं माझें मन भरून येतें, आणि भरून आलेल्या मनाला कुजलेले वासे दिसत नाहींत. दुसरी गोष्ट याहून वाईट. दोन वर्षांपूर्वीं माझ्याच आग्रहावरून आपण त्या छपरावर खर्च केला. आतां शाळा उतरविली तर फादरनीं आमचे पैसे पाण्यांत घातले असें लोक म्हणतील, ही भीति मला आहे. गेलेला पैसा दोन्ही बाजूंनीं गेलेलाच आहे; शाळा राखल्यानें तो परत येत नाहीं. इंग्लंड व फ्रान्स या दोन शहाण्या राष्ट्रांनीं १९६२ सालीं करार करून काँकॉर्ड हें विमान बांधावयास घेतलें. खर्च अंदाजाबाहेर गेला तरी, एवढा पैसा घातला आहे म्हणून आणखी घालीत गेले. शेवटीं प्रवासी वाहतुकीसाठीं अवघीं १४ विमानें लागलीं आणि २००३ सालीं तींही थांबलीं. दोन सरकारें जेथें घसरलीं तेथें एका धर्मगुरूनें आपल्या पायांवर फार भरंवसा ठेवूं नये. आपणही घरीं जाऊन आपला झुकाव शोधा. ज्यांच्या घरीं पुढल्या वर्षीं लग्न आहे त्यांना सभागृह अधिक आवश्यक वाटतें कीं काय, हें त्यांनींच पाहावें.

रविवारच्या सभेची व्यवस्था परिषदेनें अशी ठरविली आहे. मी अध्यक्षस्थानीं बसणार नाहीं व सर्वांचें बोलून होईपर्यंत बोलणार नाहीं. इंजिनियरांचा अहवाल प्रत्येकास मिळेल. त्यांत कुजलेले वासे किती आणि शाबूत किती हे दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं छापलेले असतील. चर्चा सुरू होण्याआधीं प्रत्येकानें आपलें मत व त्याचें एक कारण कागदावर लिहावयाचें आहे. नांव घालूं नये. त्या कागदावर शेवटीं एक प्रश्न छापला आहे: दूरच्या एखाद्या अनोळखी धर्मग्रामानें हाच सल्ला विचारला असतां आपण काय सांगाल? त्यानंतर शाळा राखावी म्हणणाऱ्यांपैकीं एकजण ती उतरविण्याच्या बाजूनें बोलेल, आणि उतरवावी म्हणणाऱ्यांपैकीं एकजण ती राखण्याच्या बाजूनें. ज्या दोघां भावांचा मीं आरंभीं उल्लेख केला त्यांनींच हें काम पत्करावें, अशी माझी त्यांना विनंति आहे. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं दोन भगिनी बाजूच्या खोलींत बसतील.

सभा दुसऱ्या मिस्सानंतर साडेनऊ वाजतां आहे. कागद दरवाजाजवळच्या पेटींत टाकावे. पेटी नवी आहे. तिचा तळ मीं स्वतः उलटा करून पाहिला आहे, आणि मग सुताराकडूनही पाहून घेतला आहे.